कागदपत्रं नाहीत आणि कॉलेजला जायचंय? कॅलिफोर्नियात इन-स्टेट फी कशी मिळवायची, पायरी पायरीने

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मुलांना वर्गात सोडलं की आई-बाबा पार्किंगमध्ये चहाचे थर्मास उघडून उभे राहतात, आणि वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतं की ताई, आमचं स्टेटस (इथे राहण्याची कायदेशीर परवानगी) गेलंय, मुलगी बारावीला आहे, आता तिला परदेशी मुलांची फी भरावी लागणार का? आपल्या लोकांत यावर कुणी उघड बोलत नाही. अनडॉक्युमेंटेड म्हणजे वाळवंटातून चालत आलेले असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्या बाबाची नोकरी गेली, ६० दिवसांच्या ग्रेस पीरियडमध्ये दुसरी मिळाली नाही, मुलाचं दहावीचं वर्ष म्हणून "जून महिन्यापर्यंत थांबू" म्हणत थांबले आणि ते थांबणं तीन वर्षांचं झालं, अशी घरं मी स्वतः बघितलीत, आणि त्यांच्या फ्रिजवरही आपल्यासारखंच कालनिर्णय लटकतंय.

तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी वकील नाहीये, फॉर्म भरायला बसणारी बाई आहे, आणि हे सगळं कॅलिफोर्नियाबद्दल आहे कारण मला तेच नीट माहितीये. बाकी राज्यांचं शेवटी थोडक्यात सांगते.

आधी पैसे बघा म्हणजे एवढा खटाटोप कशासाठी ते कळेल. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कुठल्याही कॅम्पसला राज्यातल्या मुलाची वर्षाची ट्यूशन साधारण १५ हजार डॉलरच्या आसपास जाते, आणि बाहेरच्या मुलाला त्याच्यावर अजून ३७,६०२ डॉलर लागतात, हा २०२५-२६ चा आकडा आहे. चार वर्षांचा नुसता फरकच दीड लाखाच्या वर गेला, डॉलरमध्ये बरं का. कम्युनिटी कॉलेजला राज्यातल्या मुलाला एका युनिटला ४६ डॉलर, म्हणजे १२ युनिटचं अख्खं सेमिस्टर ५५२ डॉलरमध्ये होतं, आणि तेच बाहेरचा म्हणून नोंद झाली तर बऱ्याच ठिकाणी प्रत्येक युनिटवर तीनशेच्या वर जास्तीचे लागतात, म्हणजे चार हजारांच्या पुढे. वर्ग तोच, मास्तर तेच, फरक फक्त रजिस्ट्रारच्या कॉम्प्युटरमधल्या एका कोडचा.

हा कोड बदलून घ्यायचा कायदा म्हणजे एबी ५४०. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी त्यावर सही केली आणि २००२ पासून तो लागू आहे. त्याची मेख समजली तर फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न आपोआप समजतो, म्हणून दोन मिनिटं इथे थांबते.

१९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बारावीपर्यंत पब्लिक शाळेतून कुठल्याही मुलाला कागदपत्रांवरून हाकलता येणार नाही. कॉलेजबद्दल कोर्ट काही बोललं नाही. मग १९९६ मध्ये काँग्रेसने कायदा केला की ज्यांच्याकडे स्टेटस नाही त्यांना "राज्यात राहतात" या कारणावरून कॉलेजच्या फीची सवलत द्यायची असेल तर तीच सवलत कुठल्याही राज्यातल्या अमेरिकन नागरिकालाही द्यावी लागेल. कॅलिफोर्नियाने काय केलं, राहण्याचा मुद्दाच काढून टाकला आणि विचारलं, तू शाळा कुठे शिकलास? तीन वर्षं आमच्या शाळेत बसलास ना, मग तू आता नेवाडात राहत असशील, टेक्ससमध्ये राहत असशील, नागरिक असशील नसशील, जादाची फी माफ. याला कोर्टात आव्हान दिलं गेलं आणि २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की हा कायदा चालेल, कारण तो राहण्यावर नाही, शाळेवर आधारलेला आहे. सुरुवातीच्या वर्षांत यूसीत या कायद्याचा फायदा घेणारे निम्म्याहून जास्त नागरिक आणि ग्रीन कार्डवालेच होते. आपल्याकडचं सरळ उदाहरण द्यायचं तर मुलगी जन्माने अमेरिकन, नववी ते अकरावी सॅन होजेत केली, बारावी करून डिप्लोमाही इथलाच घेतला, मग सगळं घर पुण्याला परत गेलं आणि दोन वर्षांनी ती एकटी कॉलेजसाठी आली, तर राहण्याच्या नियमात ती बसणार नाही पण एबी ५४० मध्ये आरामात बसते. हे खूप जणांना माहीतच नसतं आणि ते पूर्ण फी भरून मोकळे होतात.

म्हणजे सगळा खेळ शाळेच्या रेकॉर्डचा आहे. पासपोर्ट नंतर.

पायरी १: तुमचं नक्की स्टेटस काय ते आज बघा

हसू नका, इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टिकर एक्स्पायर झाला म्हणजे स्टेटस गेलं असं नसतं. स्टिकर फक्त देशात शिरण्यासाठी असतो, इथे किती दिवस राहता येईल ते आय-९४ वर (देशात शिरल्याच्या नोंदीवर) लिहिलेलं असतं किंवा एक्स्टेन्शन झालं असेल तर त्या अप्रूव्हल नोटिसच्या खाली. आधी तो कागद शोधा.

एच-४ (एच-१बी वाल्याच्या नवरा-बायको-मुलांचा व्हिसा) अजून चालू असेल तर एबी ५४० तुमच्यासाठी नाहीच, कारण टी आणि यू (मानवी तस्करी आणि गुन्ह्यांच्या बळींचे व्हिसा) हे दोन सोडून बाकी नॉनइमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या व्हिसावाल्यांना त्या कायद्याने बाहेर ठेवलंय. पण घाबरू नका, एच-४ वाल्यांना कॅलिफोर्नियात घर करून राहण्याचा हक्क आहे असं धरतात, त्यामुळे ते साध्या रेसिडेन्सीच्या रस्त्याने जातात: क्लासेस सुरू व्हायच्या आधी एक वर्षाच्या वर राज्यात प्रत्यक्ष राहणं (यूसी ३६६ दिवस मोजते) आणि इथेच राहायचा इरादा दाखवणारे कागद, म्हणजे आई-बाबांचा राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, घराचं लीज वगैरे. बी-२ व्हिजिटर, एफ-१ स्टुडंट, जे-१ यांना हा रस्ता बंद आहे.

स्टेटस संपलंय, किंवा डाका (लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना) आहे, किंवा जुना व्हिसा संपून असायलमचा (आश्रयाचा) अर्ज पेंडिंग आहे, तर एबी ५४० तुमचा. डाकाबद्दल एक सांगून टाकते, कारण विचारतात. त्यात २००७ च्या १५ जूनपूर्वी अमेरिकेत आलेलं असणं आणि २०१२ च्या १५ जूनला स्टेटस नसणं अशा अटी होत्या, म्हणून एच-४ वर वाढलेली आपली मुलं त्यात कधी बसलीच नाहीत, आणि आज जी मुलं बारावीत आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांचा तर २००७ च्या त्या तारखेला जन्मही झाला नव्हता. एबी ५४० ला डाका लागत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

आता अवघड जागेचं दुखणं. एच-४ वाला मुलगा २१ चा झाला की एच-४ संपतो, ग्रीन कार्डच्या भारतीय रांगेत आई-बाबांचा नंबर लागलेला नसतो, आणि मग बहुतेक जण एफ-१ घेतात. एफ-१ घेतला की तो नॉनइमिग्रंटच राहिला म्हणून एबी ५४० नाही, आणि एफ-१ वर रेसिडेन्सीही नाही. म्हणजे दुसरीपासून इथे शिकलेला, सगळे नियम पाळलेला मुलगा जास्त फी भरतो आणि ज्याचं स्टेटस गेलं तो कमी. मला हे चीड आणणारं वाटतं, पण म्हणून फीसाठी मुद्दाम स्टेटस सोडायचा विचार कुणी करत असेल तर आधी थांबा! १८ वर्षांनंतर स्टेटसशिवाय १८० दिवसांच्या वर राहून देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, आणि एका वर्षाच्या वर राहून सोडला तर दहा. आजी आजारी पडली म्हणून साताऱ्याला गेलात आणि तिथेच अडकलात असं होऊ शकतं. हा निर्णय इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय घ्यायचा नाही, रविवारच्या पार्किंगमध्ये तर अजिबातच नाही.

पायरी २: वर्षं मोजा, आणि नीट मोजा

इथे मी एका मुलाची गोष्ट सांगते, कारण त्याच्यामुळे मला हा भाग पाठ झाला. तो पहिली-दुसरी इथेच शिकला, मग बाबांचं प्रोजेक्ट संपलं आणि सगळे पिंपरी-चिंचवडला परत गेले. दहावीच्या मध्यावर, जानेवारीत, परत आले. वर्षभरात बाबांची नोकरी गेली, पुढचं तुम्हाला माहितीये. त्याची आई माझ्या डायनिंग टेबलवर बसून बोटांवर मोजत होती: दहावीची अर्धी, अकरावी, बारावी, म्हणजे अडीच. "ताई, सहा महिन्यांनी हुकलं हो." एका कॉलेजच्या काउंटरवरही तेच सांगितलं होतं त्यांना, वर इंटरनॅशनल ऑफिसला जा म्हणून चिठ्ठी दिली होती.

पण कायदा नुसता तीन वर्षं हायस्कूल म्हणत नाही. त्याचे तीन दरवाजे आहेत. पहिला सरळ: कॅलिफोर्नियाच्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं फुल-टाइम. दुसरा: हायस्कूलचे तीन वर्षांइतके क्रेडिट्स इथे मिळवले असतील, आणि प्राथमिक, मिडल, हायस्कूल सगळं धरून इथल्या शाळेत एकूण तीन वर्षं काढली असतील. तिसरा २०१८ पासून उघडला, एसबी ६८ नावाच्या कायद्याने: हायस्कूल, अडल्ट स्कूल आणि कम्युनिटी कॉलेज यांची बेरीज करून तीन वर्षं. पूर्वी यात कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट कोर्स दोन वर्षांपर्यंतच धरायचे, २०२२ च्या एसबी ११४१ ने ती मर्यादाही काढली.

त्या मुलाने दोन उन्हाळे समर स्कूल केलेलं, कारण पुण्याच्या बोर्डाचे काही विषय इथे धरले नव्हते. ट्रान्सक्रिप्टवर क्रेडिट्स मोजले तर तीन वर्षांचे भरले. आणि पहिली-दुसरीची दोन वर्षं अधिक अडीच, म्हणजे शाळेत बसल्याची साडेचार वर्षं. दुसरा दरवाजा उघडा! आईला पहिली-दुसरी आठवलीच नव्हती, "ते तर लहानपणी" म्हणाली. आपल्याकडे येऊन-जाऊन असणाऱ्या घरांत हे खूप दिसतं, म्हणून किंडरगार्टनपासून सगळं एका कागदावर लिहून काढा, कुठली शाळा, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत.

तिसऱ्या दरवाजाने जायचं असेल तर एक वर्ष कशाला म्हणतात ते लक्षात ठेवा. कम्युनिटी कॉलेजला वर्षाचे २४ सेमिस्टर युनिट, आणि अडल्ट स्कूल किंवा नॉनक्रेडिट क्लासला वर्षाचे ४२० तास. अडल्ट स्कूल बहुतेक ठिकाणी फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत असतं, तर थोडीच वर्षं कमी पडत असतील तर महागाची युनिट्स घेण्याआधी तिकडे चौकशी करा. फक्त सुरू करण्याआधी ज्या कॉलेजला जायचंय त्यांना ईमेल करून विचारा की हे तास तुम्ही धरणार का, आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "यस यस" ला काही अर्थ नसतो, पुढच्या वेळी काउंटरवर दुसराच माणूस बसलेला असतो.

पायरी ३: शेवट कशाने झाला

नुसती वर्षं भरून चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या हायस्कूलचा डिप्लोमा हवा, किंवा जीईडीसारखी त्याच्या बरोबरीची परीक्षा, किंवा इथल्या कम्युनिटी कॉलेजची असोसिएट डिग्री, किंवा यूसी वा सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ट्रान्सफर व्हायला लागतात तेवढे किमान कोर्स पूर्ण. शेवटचे दोन पर्याय एसबी ६८ ने आणले आणि ते त्यांच्यासाठी सोन्यासारखे आहेत ज्यांची बारावी महाराष्ट्रात झाली आणि जे नंतर इथे आले. म्हणजे एचएससी पुण्यात, मग इथे अडल्ट स्कूल आणि कम्युनिटी कॉलेज मिळून तीन वर्षं, असोसिएट डिग्री, आणि यूसीला जाताना जादा फी माफ. वेळ लागतो, पण रस्ता आहे.

पायरी ४: कागद गोळा करा

हायस्कूलचं ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट, ज्यावर शाळेत दाखल झाल्याची आणि डिप्लोमाची तारीख दिसते. प्राथमिक शाळेची वर्षं धरायची असतील तर त्यांचं रेकॉर्ड शाळेत नाही, डिस्ट्रिक्ट ऑफिसमध्ये मिळतं, तिथे "स्टुडंट रेकॉर्ड्स" म्हणून विचारा. आमच्या त्या मुलाचं पहिलीचं रेकॉर्ड निघालं तेव्हा नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, आडनावाच्या जागी वडिलांचं नाव आणि मधलं नाव गायब, आपल्या लोकांचं नेहमीचंच. डिस्ट्रिक्टने जन्मतारीख आणि आईचं नाव जुळवून एका पानाचं पत्र दिलं की दोन्ही विद्यार्थी एकच. ते पत्र यायला पाच आठवडे लागले. तुमच्या पासपोर्टवर, शाळेत आणि कॉलेजच्या अर्जावर नाव तीन प्रकारे असेल तर हे काम सगळ्यात आधी करा.

लसीकरणाचं कार्ड, रिपोर्ट कार्ड, इयरबुक असलं काही कॉलेज मागत नाही, पण रेकॉर्ड शोधताना वर्ष आणि शाळा आठवायला उपयोगी पडतं.

पायरी ५: अर्ज भरताना कुठे काय टिक करायचं

कॉलेजच्या मूळ अर्जात नागरिकत्वाचा प्रश्न येतो. यूसीच्या अर्जात कागदपत्रं नसलेल्यांनी "नो सिलेक्शन" आणि सीएसयूच्या अर्जात "नन" निवडायचं, सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर ती जागा रिकामी ठेवायची. दुसऱ्याचा नंबर, जुना टॅक्सचा आयटीआयएन, बनवलेला नंबर, काही टाकायचं नाही.

आणि मी हे ठळक अक्षरात लिहिलं असतं तरी कमीच, की कुठल्याही फॉर्मवर "यूएस सिटिझन" टिक करू नका. कॉलेजच्या अर्जावर नाही, पार्ट-टाइम नोकरीच्या आय-९ वर नाही, डीएमव्हीत (लायसन्सच्या ऑफिसात) मतदार नोंदणीचा प्रश्न आला तर तिथेही नाही. खोटं नागरिकत्व सांगणं हा इमिग्रेशन कायद्यात असा डाग आहे की पुढे लग्नाने किंवा नोकरीने ग्रीन कार्डची वेळ आली तरी तो जवळजवळ धुऊन निघत नाही. फी वाचवायला केलेली एक टिक आयुष्यभर नडते.

मग येतो खरा फॉर्म, कॅलिफोर्निया नॉनरेसिडेंट ट्यूशन एक्झेम्प्शनचं अ‍ॅफिडेव्हिट. दोनेक पानांचं असतं. वर नाव-पत्ता, मग शाळांची यादी तारखांसह (पायरी २ चा कागद इथे उतरवायचा), मग तुमच्या स्टेटसची एक टिक: नॉनइमिग्रंट व्हिसावर आहे, किंवा नाही. सही करता त्या दिवशी जे खरं आहे ते. खाली एक वाक्य आहे ज्याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, की मी माझं स्टेटस कायदेशीर करण्यासाठी अर्ज केलाय किंवा पात्र होताच करीन. त्या मुलाच्या आईने इथे पेन खाली ठेवलं आणि म्हणाली की आम्ही तर अर्जच केला नाही, म्हणजे खोटी सही होणार का. नाही होणार. आत्ता तुमच्यासाठी कुठलाच रस्ता नसेल तर अर्ज करण्याचा प्रश्नच नाही, तुम्ही फक्त एवढंच सांगताय की रस्ता उघडला की जाईन. वाक्य शांतपणे दोनदा वाचा आणि मग सही करा.

फॉर्म कुठे द्यायचा? अ‍ॅडमिशन्स अँड रेकॉर्ड्स किंवा रजिस्ट्रारचं रेसिडेन्सी डेस्क. इंटरनॅशनल ऑफिसमध्ये नाही! ते एफ-१ वाल्यांसाठी असतं, तिथे गेलात की ते प्रेमाने आय-२० चा फॉर्म हातात देतील. बऱ्याच कॅम्पसवर आता ड्रीम सेंटर किंवा अनडॉक्युमेंटेड स्टुडंट सेंटर असतं, पहिल्यांदा जाताना तिथेच जा, ते लोक रोज हेच करतात आणि आवाज खाली ठेवून बोलतात.

माहिती बाहेर जाईल का? शाळा-कॉलेजच्या रेकॉर्डला फर्पा नावाच्या १९७४ च्या फेडरल कायद्याचं संरक्षण आहे, कॉलेज ती कुणी मागितली म्हणून उचलून देऊ शकत नाही, पण कोर्टाचा हुकूम आला तर गोष्ट वेगळी. म्हणून भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही, पण आई-बाबांचं स्टेटस या अ‍ॅफिडेव्हिटवर विचारतच नाहीत एवढं नक्की. विचारलं नाही ते लिहायचं नाही.

पायरी ६: फी माफ झाली, आता मदत

एबी ५४० ने फक्त जादाची फी जाते, मूळ फी राहतेच. त्यासाठी फाफ्सा (केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज) भरू नका, ते फेडरल आहे आणि स्टेटस नसलेल्यांना त्यातून काही मिळत नाही. त्याऐवजी कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्ट अ‍ॅप्लिकेशन भरायचा, जो राज्याचा आहे, २०११ च्या एबी १३० आणि १३१ या कायद्यांमुळे आला. त्यातून कॅल ग्रँट, यूसी-सीएसयूच्या स्वतःच्या ग्रँट, आणि कम्युनिटी कॉलेजला तर उत्पन्न कमी असेल तर ते ४६ डॉलरही माफ होऊ शकतात. चार वर्षांच्या कॉलेजसाठी तारीख साधारण २ मार्च, कम्युनिटी कॉलेजसाठी २ सप्टेंबर. मार्चच्या तारखेला आळस केलात तर कॅल ग्रँटचं वर्ष गेलं समजा. हायस्कूलकडून जीपीए पाठवलं गेलंय का तेही काउन्सेलरला विचारून घ्या, आपण धरून चालतो की शाळा करेल.

मुलगा नागरिक आणि आई-बाबा स्टेटसशिवाय, असं मिश्र घर असेल तर मुलाला फाफ्साचा हक्क आहे, पण आई-बाबांची माहिती फेडरल सरकारकडे द्यायची नसेल तर कॅलिफोर्नियाने अशा मुलांनाही राज्याच्या मदतीसाठी ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज भरायला परवानगी दिलीये. त्यात पेल ग्रँट (केंद्र सरकारची) जाते हे मात्र खरं. काय निवडायचं ते घरात बसून ठरवा, यात बरोबर-चूक असं उत्तर माझ्याकडे नाही.

पायरी ७: नकार आला तर

पहिला नकार हा शेवटचा नसतो. बिलावर नॉनरेसिडेंट फी दिसली की लगेच रेसिडेन्सी डेस्कला लिहा, कुठल्या दरवाजाने पात्र आहात ते एका ओळीत सांगा, वर्षं आणि क्रेडिट्सचा तक्ता जोडा, आणि अपील कुठे करायचं आणि किती दिवसांत ते विचारा, कारण ती मुदत प्रत्येक कॅम्पसची वेगळी आणि बऱ्याचदा छोटी असते. त्या मुलासाठी लिहिलेला आमचा ईमेल जेमतेम सहा ओळींचा होता: दुसरा पर्याय, इतके क्रेडिट्स, या तारखा, सोबत डिस्ट्रिक्टचं पत्र. अकरा दिवसांनी बिल बदललं. ज्या काउंटरने चिठ्ठी दिली होती त्यांनी काही सॉरी वगैरे म्हटलं नाही, ते जाऊ दे.

दुसऱ्या राज्यात असाल तर

न्यू जर्सीत २०१३ पासून असाच कायदा आहे, तिथल्या हायस्कूलमध्ये तीन वर्षं आणि डिप्लोमा, आणि २०१८ पासून राज्याची मदतही, त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. एडिसन, जर्सी सिटीकडच्या लोकांनी रटगर्सच्या साइटवर बघा. न्यू यॉर्कमध्ये हायस्कूलची दोन वर्षं, डिप्लोमा, आणि डिप्लोमानंतर पाच वर्षांच्या आत कॉलेजला अर्ज. अ‍ॅरिझोनात २००६ ला लोकांनी मत देऊन बंदी घातली आणि २०२२ ला मत देऊनच उठवली, तिथेही दोन वर्षं. जॉर्जियात मात्र इन-स्टेट नाहीच, आणि वरच्या काही सरकारी विद्यापीठांत प्रवेशच नाही.

टेक्ससवाल्यांनो, जुने लेख वाचून प्लॅन करू नका. २००१ मध्ये असा कायदा करणारं पहिलं राज्य टेक्सस होतं, आणि २०२५ च्या ४ जूनला फेडरल जस्टिस डिपार्टमेंटने खटला टाकला, राज्याने त्याच दिवशी मान्य केलं आणि त्याच दिवशी कोर्टाने कायदा थांबवला. २४ वर्षं चाललेली गोष्ट एका दिवसात गेली. फ्लोरिडाने आपला कायदा १ जुलै २०२५ पासून रद्द केला, ओक्लाहोमात ऑगस्टमध्ये टेक्सससारखंच झालं. मिनेसोटा, इलिनॉय यांच्यावरही २०२५ मध्ये खटले टाकले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियावरही टाकला. खटला टाकला म्हणजे कायदा गेला असं होत नाही, आणि कॅलिफोर्निया टेक्सससारखं हात वर करणाऱ्यातलं नाहीये, पण दर सेमिस्टरच्या आधी कॉलेजच्या रेसिडेन्सी पानावर एकदा नजर टाकायची सवय लावून घ्या.

आणि अ‍ॅफिडेव्हिटची सही केलेली प्रत, ट्रान्सक्रिप्ट, ते स्पेलिंगचं पत्र, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा, फोटो काढून फोनमध्ये सुद्धा. कम्युनिटी कॉलेजमधून यूसी किंवा सीएसयूला ट्रान्सफर होताना आधीचं एक्झेम्प्शन आपोआप पुढे जाईल असं धरून चालू नका, तिथे फॉर्म नव्याने द्यावा लागतो का ते विचारा. आमचा मुलगा पुढच्या वर्षी ट्रान्सफरला लागेल, परवाच त्याची आई विचारत होती की ताई, ते पहिलीचं पत्र तुमच्याकडे राहिलंय का हो. राहिलंय, मसाल्याच्या डब्याच्या वरच्या ड्रॉवरमध्ये, कुकरच्या वॉरंटीच्या कागदाखाली.